लाल टाका

त्या खुर्चीत नका बसू, साहेब, तिचा एक पाय लंगडा आहे. इकडे या, दिव्याजवळ. वीज यायला अजून वेळ आहे, आणि चहा होईपर्यंत मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. उद्या सकाळी तुम्ही खाणीतलं पाणी पाहाल, चार घरांत डोकावाल आणि ही वस्ती नारूमुक्त झाली असं जाहीर कराल. त्याच दिवसासाठी मी इतकी राबले. तुम्ही जाहीर करा, मी आड येणार नाही. पण त्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. अहवालात लिहिण्यासारखी ती नाही.

त्या दिवशी मी औषधांच्या कपाटाची किल्ली घरी विसरले. बाकी काही नाही, किल्ली विसरले.

उन्हाळ्यातली दुपार होती. आमच्या वस्तीतली दुपार तुम्ही अजून पाहिली नाही. सकाळभर छिन्नी-हातोड्यांचा आवाज चालू असतो, इतका की तो ऐकू येईनासा होतो. ऊन डोक्यावर आलं की दगड फोडणारे हत्यारं खाली ठेवतात, आणि मग जी शांतता पडते ती मात्र ऐकू येते. दारं लोटलेली असतात. रस्त्यावर दगडाची पांढरी धूळ अशी पडून असते, की आपल्या आधी कोण गेलं ते तिच्यावर वाचता यावं. त्या वेळी रस्त्यावर कुणी नसतं.

"जा, घेऊन या किल्ली," आमचे कंपाउंडर म्हणाले होते. "तोवर मी पेशंटांना गोष्टी सांगून बरं करतो. तुमच्या औषधापेक्षा लवकर गुण येतो." आणि मी दारात पोचले तेव्हा मागून, "लंगडताय काय डॉक्टरीणबाई? नवी चप्पल?"

"नवी चप्पल," मी म्हणाले.

डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला काही दिवस आग होत होती. चप्पल चावली असेल, असं मी कंपाउंडरांना सांगितलं आणि स्वतःलाही. मी डॉक्टर आहे, साहेब. दुसऱ्या कुणाचं पाऊल असतं तर मी लांबूनच ओळखलं असतं.

नारूबद्दल मी तुम्हाला काय सांगणार, तुमची उभी नोकरी त्यात गेली. तरी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. साठलेल्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे किडे असतात आणि त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. ते पाणी न गाळता प्यालं की पिल्लं माणसाच्या आतड्याची भिंत फोडून मांसात शिरतात. मग वर्षभर काहीच होत नाही. माणूस जेवतो, हसतो, भांडतो, आणि त्याच्या आत सुतळीइतकी बारीक, हातभर लांब मादी वाढत असते आणि हळूहळू पायाकडे सरकत असते. वर्षाच्या शेवटी पायावर फोड येतो. आग अशी होते की पाय पाण्यात बुडवल्याशिवाय चैन पडत नाही. पाय पाण्यात गेला की फोड फुटतो, मादी तोंड बाहेर काढते आणि हजारो पिल्लं त्या पाण्यात सोडते. या रोगाची सगळी हुशारी इथे आहे. तो माणसाला पाण्यापाशी चालवत नेतो, आणि माणसाला वाटतं की आपण आपल्या पायांनी आलो.

त्यावर औषध नाही आणि लसही नाही. आहे ते फक्त फडकं.

दूर देशी शिकत असताना मी त्या फडक्याबद्दल वाचलं आणि रात्रभर मला झोप आली नाही. एवढासा कापडाचा तुकडा हंड्याच्या तोंडाला बांधायचा, आणि माणसांना हजारो वर्षं छळणारा रोग संपवायचा! माझे प्राध्यापक म्हणाले, "तिकडे परत जाऊन करणार काय तू?" मी म्हटलं, "एक रोग संपवणार." ते हसले नाहीत. आजही त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

परत आले आणि घरोघर फडकी वाटली. फडक्याचं एकच पथ्य असतं. जी बाजू वर, ती कायम वर. उलटं बांधलं तर आधी अडकलेले सगळे किडे धुऊन हंड्यात उतरतात. लोकांच्या लक्षात राहावं म्हणून मी प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घालायचं ठरवलं. लाल टाका वर. वस्तीतली पोरं ते ओरडत पळायची. ते सगळे टाके माझ्या ताईने घातले. घरोघरी जाऊन बायकांना फडकं बांधायलाही तिनेच शिकवलं. माझं बोलणं पुस्तकी व्हायचं. ती नुसतं म्हणायची, "बायांनो, लाल टाका म्हणजे कपाळावरचं कुंकू समजा. मागे गेलं तर लोक हसतील." बायका हसायच्या आणि नीट बांधायच्या.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिने लग्न केलं नाही, तिने मला शिकवलं. मी दूर असताना आई आणि ती अशा दोघीच घरात होत्या. मग एके दिवशी आई पाणी भरायला खाणीवर गेली आणि पाय घसरला. ती जुनी खाण तुम्ही उद्या पाहालच. वरून पाणी हिरवं आणि शांत दिसतं, तळ कुणाला ठाऊक नाही. आई सापडली नाही. मला कळलं तेव्हा इथलं सगळं उरकलं होतं. मी फोन हातात धरून उभी होते आणि ताई पलीकडून म्हणत होती, "तू परीक्षा दे. येऊन कुणाला भेटणार आहेस?"

मी आल्यावर रोगी भराभर कमी झाले, पण संपेनात. दर उन्हाळ्यात चार-दोन फोड उरायचेच. मी घरोघर जाऊन हंडे तपासले. सगळीकडे लाल टाका वर. मला वेड लागायची पाळी आली. "नारू तुमचा पाहुणा आहे, डॉक्टरीणबाई," कंपाउंडर म्हणायचे. "घरच्या माणसासारखा दर वर्षी येतो."

तर त्या दुपारी मी किल्लीसाठी घरी गेले.

दार लोटलेलं होतं. मी ढकललं, आवाज झाला नाही. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर क्षणभर काही दिसत नाही, नुसते वास येतात. तेव्हा ओल्या दगडाचा वास आला. खाणीच्या पाण्याचा तो वास मी जन्मापासून ओळखते, पण घरात तो इतका दाट कधी आला नव्हता. मग स्वयंपाकघरात ताईची पाठ दिसली. तिच्यापुढे मोठा हंडा होता आणि शेजारी माझी सुरई. मला गार पाणी लागतं म्हणून ती मी आणली होती, आणि तिच्यातलं पाणी मी सोडून कुणी पीत नसे.

ताईने हंड्यावर फडकं बांधलं. लाल टाका वर. कळशीतलं पाणी त्यातून सावकाश ओतलं, कुठेही न सांडता. मी तिच्या हातांकडे बघत राहिले, मला अभिमान वाटला. मग तिने फडकं सोडलं, चार कोपऱ्यांनी अलगद उचललं, त्यावर जमलेलं काही सांडू नये असं. आणि माझ्या सुरईच्या तोंडावर ते उलटं टाकलं. वरून भांडंभर पाणी ओतलं.

"ताई..."

ती दचकली नाही. मागे वळलीही नाही. "किल्ली ना? फळीवर आहे."

"फडकं उलटं आहे, ताई."

"हो गं. माहीत आहे मला. टाके मीच घातलेत ना?"

मी तिथेच खाली बसले. ती हात पुसत आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि माझं डावं पाऊल उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवलं. चप्पल काढली. लालसर, टचटचीत फोड आला होता. तिने तो पाहिला आणि तिचा चेहरा उजळला, साहेब. घरात पाळणा हलणार म्हटल्यावर बायकांचे चेहरे उजळतात, तसा.

"आला गं बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, यंदाही चुकतंय की काय."

"तू... मला पाजलंस?"

"आरडाओरडा करू नको, छोटे. आधी ऐक."

मी आरडाओरडा करणार नव्हतेच. तिने आपला घोटा उघडा केला. एकावर एक जुने व्रण होते, दर वर्षाचा एक, आणि त्यांच्याशेजारी कापडात गुंडाळलेला नवा. दर उन्हाळ्यात ती म्हणायची, दगड लागला. मी, त्या रोगाच्या मागे वस्तीभर धावणारी, तिच्याच घरात जेवत होते आणि दगड लागला हे खरं मानत होते. उरलेले चार-दोन फोड कुठून यायचे ते मला त्या क्षणी कळलं. मी ज्या पाण्यावर पहारा करत होते, त्यात माझी बहीण दर दुपारी पाय सोडून बसत होती.

"आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मला पहिला झाला," ती म्हणाली. आवाज इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं. "आग सोसवेना. दुपारी गेले खाणीवर. पाय सोडला पाण्यात... आणि खालून कुणीतरी तो धरला."

"ताई, बास."

"गार हात. मग बोटं दाबायला लागला. करंगळीपासून. मधलं सोडून अंगठ्यापर्यंत. आणि सगळ्यात शेवटी मधलं."

आई आमचे पाय तशीच दाबायची. मधलं बोट रुसकं आहे, म्हणायची, त्याची समजूत शेवटी काढायची. हे आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

"नारू निघून गेला की हात येत नाही," ताई म्हणाली. "साधा पाय कितीही वेळ बुडव, काही नाही. नारू असला की येतो. मग मी काय करणार? दर वर्षी न गाळलेलं पीत आले." तिने घोटा पुन्हा झाकला. "एकटीनेच किती वर्षं भेटायचं तिला? तुझ्याबद्दल विचारत असेल ती."

मी पाऊल ओढून घेतलं. फळीवरची किल्ली घेतली आणि दवाखान्यात निघून आले. रस्त्यावरच्या धुळीत माझीच येतानाची पावलं होती. डावं पाऊल घरापासून खाणीच्या वाटेकडे किंचित वळलेलं होतं. प्रत्येक पावलाला.

आता नियम तुम्हाला ठाऊक आहे. रोग्याने साठ्याच्या पाण्यात पाय घालायचा नाही. दवाखान्यात, बादलीत घालायचा. मादी त्या पाण्यात रिकामी होते, आणि ते पाणी लांब, कोरड्या तापल्या जमिनीवर ओतून टाकायचं. मग तिचं तोंड धरून काडीला गुंडाळायचं, रोज एक पेर. घाई करून ओढलं तर ती तुटते आणि उरलेली आत सडते.

मी नियमाप्रमाणे केलं. आतल्या खोलीचं दार लावलं. बाकावर कंपाउंडर घोरत होते, त्यांचा आवाज भिंतीतून येत होता आणि त्याचा मला आधार वाटत होता. पत्र्याची बादली होती. पाणी उकळून गार केलेलं, खाणीचं सुद्धा नाही, टँकरचं. मी पाय आत सोडला. आग विझली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, इतकं बरं वाटलं. फोड फुटला, पाण्यात दुधासारखी एक रेघ सुटली. मी तिच्याकडे बघत होते.

घोरणं थांबलं. बाहेरचे आवाज तर नव्हतेच. मग खोलीत ओल्या दगडाचा वास आला.

बादलीला तळ असतो, साहेब. तळाखाली फरशी असते. हे मी तेव्हापासून किती वेळा मनाशी म्हटलं असेल. माझ्या डोळ्यांना पाण्यात माझं पाऊल दिसत होतं आणि दुसरं काहीही दिसत नव्हतं. पण टाचेखाली हाताचा तळवा आला. गार, आणि बाईमाणसाचा. त्याने करंगळी धरली, दाबली. शेजारचं बोट दाबलं. मधलं सोडलं...

मी किंचाळले नाही. मी "आई" म्हणाले.

तुम्ही मला हसलात तरी चालेल. मी शिकलेली बाई, आणि शेवटचं मधलं बोट दाबून होईपर्यंत तिथे बसून रडत होते. येऊन कुणाला भेटणार आहेस, असं ताई म्हणाली होती. मी भेटत होते.

पण पाणी ओतून परत आले तेव्हा माझं डोकं ताळ्यावर आलं होतं. मी विचार केला, की वर्षभर ही मादी माझ्या मांसातून फिरत होती. तिने आणखी काय काय खाल्लं असेल? पोटाला लागेल ते खाल्लं, आणि आठवणी? जो रोग पाय चालवू शकतो, त्याला आपल्याला काय हवं हे कळत नसेल कशावरून? मी ठरवलं, परीक्षा घ्यायची. घरी जाऊन एक खोटी आठवण रचली. बोटं दाबण्याआधी आई माझ्या टाचेवर नखाने एक गोल काढायची आणि त्याच्या मधोमध टिचकी मारायची. असं कधी झालं नव्हतं. मी ते कुणाला सांगितलं नाही, ओठसुद्धा हलवले नाहीत. दिवसभर मनात ते घोळवत राहिले, खरं वाटू लागेपर्यंत.

दुसऱ्या दुपारी पाय बादलीत सोडला. वास आला. तळवा आला. आणि टाचेवर नख टेकलं. सावकाश, पूर्ण गोल... आणि मधोमध टिचकी.

त्या वेळी मात्र मी किंचाळले. कंपाउंडर दार ढकलून आत आले. "काय झालं? विंचू?"

"काही नाही. पाणी गरम होतं."

त्यांनी बादलीत बोट बुडवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही.

म्हणजे ती आई नव्हती. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त चीड आली. माझी आई चोरून, तिचा हात करून ती मादी मला देत होती! त्या संध्याकाळी मी खाणीत टाकायच्या औषधाची पिंपं मागवली. किडे मारणाऱ्या त्या औषधाची मंजुरी माझ्याकडे कधीची पडून होती. ताईच मला थांबवायची, पाण्याला वास येईल, बायका कुरकुरतील, म्हणून. मी घरी गेले आणि तिला सगळं सांगितलं. खोटी आठवण, गोल, टिचकी.

"आता तरी समज," मी म्हणाले. "ती आई नाही. मी जे रचलं, तेच तिने केलं."

ताई हसली, अगदी हलकं.

"तू रचलं नाहीस, छोटे. तू अंगावर पीत होतीस तेव्हा आई तुझ्या टाचेवर तसा गोल काढायची. टिचकी मारली की तू खुदकन हसायचीस. तुला कुठून आठवणार? मी शेजारी बसलेली असायचे."

"खोटं बोलतेस तू."

"बरं."

"ताई, शपथ घे. खोटं बोलतेस ना?"

"घेतली तर विश्वास ठेवशील?"

तिने मला विष पाजलं, ते मी कधीतरी विसरेनही. पण ज्या एका गोष्टीचा निकाल फक्त तिच्या शब्दावर लागणार होता, ती तिने सांगितली तेव्हा तिच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. वर्षानुवर्षं ती रोज माझ्या डोळ्यांत बघून "गाळलेलं आहे गं, पी" म्हणत होती. आताही ती तशीच बघत होती. तोच चेहरा, तीच माया. यातलं खरं कसं ओळखायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

ती खोटं बोलत असेल, तर खाणीत एक चोर होता. खरं बोलत असेल, तर खाणीत आई होती. आणि उद्या मी तिच्यात औषध ओतणार होते.

मी ओतलं.

सकाळी, भर उजेडात, चार माणसं घेऊन. कंपाउंडर पिंप उलटं करताना नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आता नारू परत आला तर त्याला तिकीट काढावं लागेल." बायका हसल्या. ताई लांब, दगडावर बसली होती. तिच्या घोट्यावरचं कापड ओलं झालं होतं. मी मध्येच पाहिलं तर ती उठून पाण्याच्या कडेला आली होती आणि चप्पल काढत होती. मी धावत जाऊन तिला मागून कवेत धरलं. ती झटापट करणार असं मला वाटलं, पण ती ढिली पडली, एखादं कापड पडावं तशी.

"पाय तरी धुऊ द्या," ती म्हणाली. "एकदाच."

मला वाटलं, ती माझ्यामागून आलेल्या कंपाउंडरांशी बोलते आहे.

"सोडा मला, डॉक्टर," ती म्हणाली. माझ्याकडे बघून. "तुम्ही तुमचं काम करा."

तिने तेव्हापासून मला "तू" म्हटलेलं नाही. छोटी म्हटलेलं नाही. तिच्या पायातला नारू मी माझ्या हातांनी काडीला गुंडाळून काढला, तेव्हाही ती "सावकाश हं, डॉक्टर" म्हणाली. आम्ही एकाच घरात राहतो. ती पाणी गाळते, माझ्यासमोर, लाल टाका वर, आणि भांडं माझ्यापुढे ठेवून म्हणते, "घ्या." माझ्या बहिणीने माझी फसवणूक केली, हे मी तुम्हाला मघापासून सांगते आहे. तिला विचाराल तर ती वेगळी गोष्ट सांगेल. त्यात फसवणारी मी असेन.

औषध टाकल्याच्या दुसऱ्या दुपारी मी शेवटच्या वेळी पाय बादलीत सोडला. मादी अजून आत होती. मी मनाशी म्हणत होते, आता कुणी येणार नाही. वास आला, पण त्यात औषधाचा उग्रपणा मिसळला होता. तळवा आला. गोल काढला नाही, बोटं दाबली नाहीत. त्याने माझा घोटा धरला, घट्ट. घसरणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसा. आणि ओढलं नाही, साहेब. हेच मला सहन होत नाही. ओढलं असतं तर मला चोर समजता आला असता. त्याने नुसतं धरलं, आणि मग एकेक बोट सुटत गेलं.

रोज एक पेर गुंडाळत काही आठवड्यांनी मादी पूर्ण बाहेर आली. न तुटता.

त्यानंतर वस्तीत एकही फोड आला नाही. तुम्ही तपासा. खाणीचं पाणी तपासा, घरोघरचे हंडे तपासा, ताईचा घोटा तपासा. माझंही पाऊल पाहा, हे बघा, दिव्याजवळ धरते. जुना व्रण आहे, नवं काही नाही. लाली नाही, सूज नाही. वर्ष कधीच उलटून गेलं. मी उकळलेलं, गाळलेलं, माझ्या हाताने भरलेलं पाणी पिते. माझ्या आत काहीही नाही, हे मी कुठल्याही प्रयोगशाळेत सिद्ध करून देईन.

काल दुपारी तुम्ही येणार म्हणून मी दवाखाना धुतला. पाय धुळीने माखले होते, म्हणून मागच्या दारी परातीत थोडं पाणी घेतलं आणि उभ्या उभ्या दोन्ही पावलं आत ठेवली. परात उथळ असते, घोटासुद्धा बुडत नाही. हातोडे थांबले होते. वास कसलाच आला नाही.

डाव्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. गार नव्हतं, कोमट होतं. आधी चाचपत होतं, सोडत होतं, पुन्हा चाचपत होतं. मी खाली पाहिलं. स्वच्छ पाणी होतं, परातीचा तळ चकचकत होता, त्यावर माझी दहा बोटं. मग त्याने अंगठा धरला. एक-दोन बोटांनी नाही, सगळ्या मुठीने. तान्हं मूल आपलं बोट धरतं ना, तसं, कुणाचं आहे ते न बघता.

त्या मुठीत माझा अंगठाच जेमतेम मावत होता. आईचा हात नव्हता तो, आणि बादलीतली ती दुधासारखी रेघ मला आठवली.

ऊन उतरून हातोडे पुन्हा सुरू झाले, तरी मी तिथेच उभी होते. मी पाय काढून घेतला नाही.